‘तपासले’चा रकाना

आमच्या ऑफिसात माझ्या वडिलांना सगळे तांबडेसाहेब म्हणतात. आमचं आडनाव तांबडे नाही. ड्रॉइंग तपासताना ते तांबडं पेन वापरतात, म्हणून कुणीतरी कधीतरी चेष्टेनं हे नाव ठेवलं. ठेवणारा नोकरी सोडून गेला आणि नाव मागे राहिलं. नवीन माणसं ते खरंच आडनाव समजतात. एकदा कुरिअरवाला ‘तांबडे कोण?’ म्हणून विचारत आला, तर बाबांनी मान वर न करता ‘मीच’ म्हटलं आणि सही करून पाकीट घेतलं. तेव्हापासून मीही तांबडेबाई झाले. माझ्या मताला इथे फारशी किंमत नाही.

आमची कंपनी पाण्याचे पंप आणि व्हॉल्व्ह बनवते. वर पहिल्या मजल्यावर ड्रॉइंग ऑफिस, खाली मशीन शॉप. आम्ही वर रेषा काढतो, ते खाली लोखंड कापतात. ‘रेषा खोडता येते, लोखंड खोडता येत नाही,’ हे बाबांचं लाडकं वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की त्यांनी पहिला शब्द उच्चारला की उरलेलं मीच म्हणून टाकते. बाबांचं काम तपासण्याचं. कुणीही काढलेलं कुठलंही ड्रॉइंग खाली जाण्याआधी प्रिंट होऊन त्यांच्या टेबलावर जातं. ते प्रत्येक माप, प्रत्येक भोक, प्रत्येक कड पट्टी लावून बघतात. चूक सापडली की तांबडा गोल, आणि मग कागद परत. चुका संपल्या की कागदाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात त्यांची सही होते.

त्या कोपऱ्याला आम्ही टायटल ब्लॉक म्हणतो. भागाचं नाव, नंबर, स्केल, तारीख, आणि सगळ्यांत खाली तीन रकाने: ‘काढले’, ‘तपासले’, ‘मंजूर’. पहिल्यात आम्ही, तिसऱ्यात मोठे साहेब, आणि मधल्यात, मी शाळेत होते तेव्हापासून, बाबा. लहानपणी त्यांनी घरी आणलेल्या रद्द ड्रॉइंगच्या पाठीवर मी चित्रं काढायची, तेव्हा उलट्या बाजूनंही ती सही दिसायची. पेन दाबून लिहिण्याची त्यांना सवयच आहे.

घरी ते मला ‘अगं’ म्हणतात, ऑफिसात ‘अहो मॅडम’. मी घरी ‘बाबा’, ऑफिसात ‘सर’. हे काही बसून ठरवलं नव्हतं. मी नोकरीला लागले त्या दिवशी त्यांनी जिन्यातच सूर बदलला आणि मी तो निमूटपणे उचलला. यात माझा तोटाच झाला. माझं ड्रॉइंग परत यायचं तेव्हा त्याला गोवर उठल्यासारखा दिसायचा. मुलीला सूट दिली असं कुणी म्हणायला नको, म्हणून हा जाच. ‘यापेक्षा परक्याची मुलगी असते तर बरं झालं असतं,’ असं मी एकदा वैतागून आईला म्हटलं.

“मी परक्याचीच मुलगी होते,” आई म्हणाली. “माझं काय वेगळं झालं?”

तिचंही खरं आहे. बाबा घरातही तपासतात. गॅसचं बटण, मागच्या दाराची कडी, भिंतीवरच्या घड्याळाची वेळ. आईनं कपाटात रचलेले टॉवेल कडेला कड लावून पुन्हा रचतात. निवृत्तीचं वय उलटून गेलं तरी साहेब दर वर्षी त्यांना केबिनमध्ये बोलावून ‘आणखी एक वर्ष थांबा’ म्हणतात, याचा सगळ्यांत जास्त आनंद आईला होतो. “हा माणूस दिवसभर घरी बसला तर मी माहेरी निघून जाईन,” असं ती म्हणते. माहेरी आता कुणी उरलेलं नाही, हे तिलाही ठाऊक आहे.

तर अशी ही कंपनी या वर्षी एका मोठ्या कंपनीनं विकत घेतली. आमच्या दृष्टीनं एवढंच झालं की दारावरची पाटी बदलली, चहाचे कप बदलले, आणि एका सकाळी साहेबांनी मला बोलावलं.

साहेब वाईट माणूस नाहीत, हीच खरी अडचण आहे. वाईट असते तर मनातल्या मनात चार शिव्या हासडून मोकळी झाले असते.

“हेड ऑफिसकडून नमुना आलाय,” त्यांनी एक प्रिंट माझ्यापुढे ठेवला. “नवी बॉर्डर, नवा टायटल ब्लॉक. आपल्या सॉफ्टवेअरमध्ये अगदी असाच करायचा. पुढच्या महिन्यापासून सगळी ड्रॉइंग्ज यावरच. हे काम तुमच्याइतकं नीट कुणाला जमत नाही.”

गोड बोलून काम गळ्यात मारण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. पण खरं सांगायचं तर मी हरखले होते. रोज आपण दुसऱ्यानं आखून दिलेल्या चौकटीत काम करतो. ती चौकटच आपण आखायची म्हणजे मान आहे. जागेवर येऊन मी लगेच सुरुवात केली. कागदाचा आकार घेतला, बाहेरची जाड रेषा मारली, आतली बारीक रेषा मारली. कोपऱ्यात टायटल ब्लॉकचा आयत काढून नमुन्यावर पट्टी ठेवत एकेक रकाना पाडत गेले. भागाचं नाव. नंबर. वजन. धातू. ‘काढले’. आणि त्याच्या शेजारी एकदम ‘मंजूर’.

मला वाटलं, छापताना काही गळलं असेल. नमुना घेऊन परत केबिनमध्ये गेले.

“सर, यात ‘तपासले’चा रकाना नाही.”

“हो,” साहेब म्हणाले. “तिकडे ती पद्धत नाही. जो काढतो तोच जबाबदार. आणि आता सॉफ्टवेअरच चुका दाखवतं ना.”

“रेषा जुळली नसेल तर सॉफ्टवेअर दाखवतं. भोक भलत्याच बाजूला पाडलं तर ते कसं दाखवणार? त्याला काय माहीत पाणी कुठून येतं?”

“मला पटतं तुमचं.”

“मग तसं कळवा ना त्यांना.”

“कळवलं होतं.” साहेबांनी नवा कप उगाचच इकडून तिकडे सरकवला. “बरं, आता विषय निघालाच आहे तर सांगतो. या वेळी मला तांबडेसाहेबांना थांबवून घेता येणार नाही. जागाच ठेवलेली नाही. मी स्वतः बोलणार आहे त्यांच्याशी. नीट, व्यवस्थित. तोवर तुम्ही काही बोलू नका. तुम्ही घरचं माणूस, म्हणून कानावर घातलं.”

घरचं माणूस! घरच्याच माणसाला घरी तोंड उघडायचं नाही म्हणून बजावायचं, आणि वर उपकार केल्यासारखं सांगायचं. मला इतका संताप आला की मी ‘बरं’ म्हणून बाहेर आले. संतापले की मी नेहमी हेच करते.

त्या संध्याकाळी घरी पोचेपर्यंत बातमी बाबांना लागलीच होती. अर्थात अर्धी.

“अगं, नवी बॉर्डर तुझ्याकडे दिली म्हणे!” ते बूट काढायच्या आधीच म्हणाले. “ऐकलंस का, आपली मुलगी बॉर्डर करतेय.”

“म्हणजे काय करतेय?” आईनं स्वयंपाकघरातून विचारलं.

“आता पुढची कितीतरी वर्षं तिथलं प्रत्येक ड्रॉइंग हिच्या चौकटीत बसणार, असं करतेय.”

त्यांनी जेवणाचं टेबल रिकामं करायला लावलं. कपाटावरून एक जुना मोठा कागद काढला आणि मला घड्या घालून दाखवायला लागले. आधी मागे, मग पुढे, मग कोपरा दुमडून. शेवटी तो मोठा कागद वहीच्या पानाएवढा झाला आणि त्याच्या वर बरोबर टायटल ब्लॉक आला. “बघ. कितीही मोठं ड्रॉइंग असलं तरी न उघडता कळलं पाहिजे की कशाचं आहे, कुणी काढलं, कुणी तपासलं. म्हणून ब्लॉक नेहमी उजवीकडे खाली. आणि डावीकडचा समास रुंद सोड. तिथे भोकं पाडून फाइलला लावतात. नाहीतर मापांवरच भोक पडतं.”

नमुन्यात समास चारही बाजूंना सारखे होते. कागद फाइलला लावणारं आता तिकडे कुणी उरलं नसावं. 

“आम्ही पूर्वी हे शाईनं आखायचो,” बाबा म्हणाले. “प्रत्येक कागदावर पुन्हा पुन्हा. ब्लॉकमधली शेवटची रेष ओढताना हात हलला की सगळं वाया. तुमचं बरं आहे, एकदा केलं की झालं.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “चेहरा का असा? अवघड वाटतंय? जमेल गं. मी आहे ना तपासायला.”

मी पाणी प्यायच्या निमित्तानं उठले. स्वयंपाकघरात आईला सगळं एका दमात, दबक्या आवाजात सांगून टाकलं. मला वाटलं होतं ती नेहमीसारखं काहीतरी टोकदार बोलेल आणि मला जरा हलकं वाटेल. तिनं नुसता गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

“आपल्या तोंडून नको,” शेवटी ती म्हणाली. “साहेब सांगतो म्हणालाय ना, त्याला सांगू दे. बाहेरच्या माणसानं सांगितलेलं सहन होतं.”

“आणि त्यांनी नाही सांगितलं तर?”

“सांगेल. एवढा मोठा माणूस.”

बाहेर बाबा तो कागद उलगडून पुन्हा त्याच घड्यांवर दुमडत बसले होते. आईनं पोळपाट पुसायला घेतला. तो पुसलेलाच होता.

पुढचे दिवस मी जे जे करता येईल ते केलं, आणि त्यातलं काहीच चाललं नाही. हेड ऑफिसला मेल लिहिली. नवीन ब्लॉक फार सुंदर आहे, फक्त आमच्याकडच्या कामाचं स्वरूप बघता एखादा ऐच्छिक रकाना ठेवता आला तर बरं होईल, असं लोण्यात घोळून लिहिलं. तिकडून एका बाईंचा फोन आला. इतक्या गोड बोलल्या की मी आधी आशेला लागले.

“तुमची सूचना फार छान आहे हं,” त्या म्हणाल्या. “मी नोंद करून ठेवते. सध्या मात्र नमुन्याप्रमाणेच करा. सगळ्या शाखांत एकसारखं व्हायला हवं ना.”

“पण मग तपासायचं कुणी?”

“ते माझ्याकडे येत नाही. माझ्याकडे फक्त फॉरमॅट येतो.”

मी कुणाशी भांडू? साहेबांना पटत होतं. बाईंना सूचना छान वाटत होती. सगळे माझ्या बाजूचे होते, आणि रकाना काही मिळत नव्हता. मधेच मी ‘काढले’ आणि ‘मंजूर’ यांच्यामध्ये एक रिकामी जागा सोडून पाहिली, नाव न लिहिता, बघू कुणाच्या लक्षात येतं का. दुसऱ्या दिवशी बाईंचं उत्तर आलं: रकान्यांची रुंदी नमुन्याशी जुळत नाही, कृपया दुरुस्त करावी. म्हणजे तपासणारं कुणीतरी तिकडेही होतं. फक्त ते रुंदी तपासत होतं.

मग मला एक गोष्ट सुचली. तिला शहाणपण म्हणावं की वेडेपणा, मला अजून कळलेलं नाही.

सॉफ्टवेअरमध्ये टायटल ब्लॉकचा रकाना म्हणजे नुसती चौकट नसते. त्यात मजकूर भरण्यासाठी एक जागा बनवून ठेवावी लागते, तिला एक नाव द्यावं लागतं, आणि हवं तर त्यात आधीपासूनच काही लिहून ठेवता येतं. त्या जागेच्या माहितीत एक बारीकसा पर्याय असतो: ‘अदृश्य’. त्यावर टिचकी मारली की ती जागा ब्लॉकमध्ये राहते, पण पडद्यावर दिसत नाही आणि कागदावर छापत नाही. मी तशी एक जागा बनवली. तिला नाव दिलं ‘तपासले’. तिच्यात बाबांची आद्याक्षरं लिहिली आणि ‘अदृश्य’वर टिचकी मारली.

आता यापुढे कुणीही नवीन ड्रॉइंग सुरू करेल तेव्हा त्याच्या पोटात बाबांचं नाव असणार होतं. कुणाला दिसणार नव्हतं, कुणाला त्रास नव्हता, आणि सगळ्या शाखांतसुद्धा तेच जाणार होतं. हेड ऑफिसला मी नमुन्याबरहुकूम छापलेला कागद पाठवला. उत्तर आलं: उत्तम. मला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडू आलं, म्हणून प्रसाधनगृहात जाऊन तोंड धुऊन आले.

महिना संपत आला. रोज सकाळी मी साहेबांच्या केबिनकडे बघायची आणि मग बाबांच्या टेबलाकडे. बाबा मजेत होते. पट्टी, भिंग, तांबडं पेन, आणि पेनाची टोपी डाव्या हातात. बोलणं झालं नव्हतं हे त्यांच्या पाठीकडे बघून कळत होतं.

शेवटी साहेबच माझ्या टेबलापाशी आले. “झालं ना सगळं? मग ती टेम्प्लेट आज सर्व्हरवर टाका. तेवढं नेहमीप्रमाणे तपासून घ्या म्हणजे झालं.”

“कुणाकडून?” मी विचारलं.

“कुणाकडून काय, तांबडे–” साहेब थांबले. एक क्षणभर मला वाटलं, आता तरी माणूस सरळ त्या टेबलाकडे जाईल. त्यांनी खिशातून फोन काढून त्यात बघितलं. “जुना नियम अजून चालू आहे ना. तपासल्याशिवाय काही बाहेर जात नाही.”

“सर, तुम्ही बोललात का त्यांच्याशी?”

“बोलतो ना. बोलतो. आज-उद्या.” आणि ते जिना उतरून मशीन शॉपमध्ये गेले. एरवी ते दुपारच्या आधी कधी खाली जात नाहीत.

मला तेव्हा कळलं की हे सांगण्याचं काम त्यांनी माझ्यावरच टाकलं होतं, आणि तेही शब्दांनी नाही. मी प्रिंट काढला. कागद प्रिंटरमधून बाहेर येताना मला वाटत होतं की शाई संपावी, वीज जावी, काहीही व्हावं. काही झालं नाही. मी तो कागद नेऊन बाबांपुढे ठेवला.

“आला का!” ते म्हणाले. मग सावरून, “द्या मॅडम. बसा जागेवर, बघतो.”

मी जागेवर बसले आणि समोरच्या स्क्रीनवर एक जुना व्हॉल्व्ह उगाच मोठा-लहान करत राहिले. बाबांनी आधी बाहेरची रेष बघितली. पट्टी डावीकडे ठेवली, मान हलवली, आणि समासावर एक तांबडा गोल केला. मग अक्षरांची उंची, मग रेषांची जाडी. हळूहळू पट्टी उजवीकडे खाली सरकली. तिथे ती थांबली. त्यांनी भिंग घेतलं, परत ठेवलं. आणि ‘काढले’ व ‘मंजूर’ यांच्यामध्ये एक मोठा गोल केला.

ते कागद घेऊन माझ्याकडे आले तेव्हा चक्क हसत होते. वाकून हळूच म्हणाले, “डावीकडचा समास सांगूनही विसरलीस, ते एक असो. पण हे? सगळं लक्षात ठेवलंस आणि नेमकी बापालाच विसरलीस?”

ऑफिसात ते मला पहिल्यांदाच ‘तू’ म्हणाले होते. खरं काय ते सांगायला मला कितीतरी दिवस मिळाले होते आणि आता त्यातला एकही उरला नव्हता.

“विसरले नाही,” मी म्हणाले.

ते माझ्याकडे बघत राहिले. हसू चेहऱ्यावरून गेलं नव्हतं, पण आता ते नुसतंच तिथे राहिलं होतं. मग ते सरळ उभे राहिले.

“मूळ नमुना दाखवा,” ते म्हणाले.

मी खणातून तो काढून दिला. त्यांनी दोन्ही कागद माझ्याच टेबलावर शेजारी शेजारी पसरले. पट्टी नमुन्यावर ठेवली, माझ्या कागदावर ठेवली, पुन्हा नमुन्यावर. समास बघितला. रकाने बघितले. नमुन्याच्या खाली हेड ऑफिसचा शिक्का होता, तो वाचला. आजूबाजूची माणसं एकाएकी फार मन लावून काम करायला लागली होती. सगळ्यांना माहीत होतं की काय, कोण जाणे. कदाचित फक्त बाबांनाच माहीत नव्हतं.

तपासणाऱ्याची खूण चुकली तर ती खोडायची नाही, असा आमच्याकडे रिवाज आहे. तिच्यावर आडवी रेघ मारायची आणि शेजारी आद्याक्षरं करायची, म्हणजे चूक कुणाची ते कळतं. बाबांची खूण मी कधी चुकलेली पाहिली नव्हती. त्यांनी पेनाची टोपी काढली. समासावरच्या गोलावर रेघ मारली, आद्याक्षरं केली. मग मधल्या मोठ्या गोलावर रेघ मारली. तिथे आद्याक्षरं करायला त्यांना थोडा वेळ लागला.

“नमुन्याप्रमाणे तुमचं बरोबर आहे,” ते म्हणाले. “माझ्या खुणा चुकल्या.”

“बाबा–”

“फाइल उघडा. नुसता कागद बघून टेम्प्लेट पास होत नाही.”

हे मी विसरले होते. खरंच विसरले होते. इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली काढून, ते कागदानंतर फाइलही बघतात हे माझ्या डोक्यातून साफ गेलं होतं. मी फाइल उघडली. ते खुर्ची ओढून शेजारी बसले आणि ब्लॉकमधल्या जागांची यादी वरून खाली वाचायला लागले. भागाचं नाव, नंबर, वजन, धातू, काढले, मंजूर. आणि सगळ्यांत खाली ती.

“हे काय आहे?”

त्यांनी चष्मा वर करून स्क्रीनजवळ चेहरा नेला आणि आपलीच आद्याक्षरं वाचली.

“छापत नाही ते,” मी म्हणाले. “दिसतही नाही. कुणाला कळणार नाही. राहू द्या ना, बाबा.”

“नमुन्यात आहे?”

“नाही.”

“मग?”

“मग काय? तुम्ही इतकी वर्षं...” डोळ्यांत पाणी आलं होतं आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. “कुठेतरी राहायला हवं ना तुमचं नाव.”

बाबांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

“अगं,” ते अगदी घरच्या आवाजात म्हणाले, “उद्या कुणीतरी घाईत काहीतरी काढेल. भोक चुकेल. खाली लोखंड कापलं जाईल, पंप कुठेतरी बसेल आणि फुटेल. मग कुणीतरी फाइल उघडून बघेल, तर आत माझं नाव. तपासलेलं म्हणून. मी न बघितलेल्या कागदावर.” ते थांबले. “अशी सही मी कधी केली नाही गं.”

त्यांनी माउस माझ्या हाताजवळ सरकवला. मी ती ओळ निवडली आणि डिलीट दाबलं. फुटकळ गोष्टीलासुद्धा ‘नक्की का?’ म्हणून विचारणारं ते सॉफ्टवेअर या वेळी काही न विचारता मोकळं झालं.

“नवीन प्रिंट काढा,” बाबा म्हणाले.

मी काढला. त्यांनी तो त्यांच्या टेबलावर नेला आणि पुन्हा पहिल्यापासून तपासला. घाई केली नाही. बाहेरची रेष, आतली रेष, अक्षरं, रकाने. मी त्यांच्या शेजारी उभी राहिले. कागदावर एकही तांबडी खूण झाली नाही. इतक्या वर्षांत माझा पहिलाच कागद, ज्यावर त्यांना काही सापडलं नाही.

“छान काढलीस,” ते म्हणाले. “रेषा स्वच्छ आहेत.”

मग नेहमीसारखी टोपी डाव्या हातात घेऊन त्यांनी पेन उजव्या खालच्या कोपऱ्यात नेलं. सवयीचा हात तो, बरोबर मधल्या जागी गेला. तिथे आता ‘काढले’ आणि ‘मंजूर’ यांच्यामधली एकच बारीक रेष होती. पेन तिच्यावर जरा वर थांबलं. थोडं डावीकडे सरकलं, मग उजवीकडे, मग मागे आलं.

“सही कुठे करू?” त्यांनी मला विचारलं.

त्यात टोमणा नव्हता. कडवटपणाही नव्हता. तपासून झालं होतं, म्हणजे सही करायची होती, आणि कुठे करायची ते त्यांना खरोखरच कळत नव्हतं. मी वाकून त्या कागदावर बोट फिरवायला लागले, वरून खाली, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. चौकट मीच आखली होती. बाबा पेन धरून वाट बघत होते, आणि मला तिच्यात बोट ठेवायला जागा सापडत नव्हती.